तिबोटी खंड्याचं बीळ, तिसरा पावसाळा : २६ जुलैपर्यंतची नोंद

मंडळी, महिनाभर काही टाकलं नाही कारण टाकण्यासारखं काही दिसतच नव्हतं, पण आता या चिमुकल्या पक्ष्याच्या बिळात पिल्लं आहेत हे नक्की झालंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जागा तीच, चिपळूणजवळ आमच्या वाडीखालचा पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, बिळासमोर कॅमेऱ्यांची रांग लागली की काय होतं ते आपण पाहिलंय. ९ जूनला पहिला मोठा पाऊस झाला आणि दुसऱ्याच दिवशी ती बारीक, टोकदार शिट्टी कानावर आली. १४ पासून दोघं आळीपाळीनं दरड उकरायला लागली. जेमतेम १३ सेंटिमीटरचा जीव, पायाला बोटं तीनच, आणि लाल मातीत बोगदा खणतो! चोचीवर चिखलाचा थर साचला की फांदीवर येऊन घासायची नि परत आत.

मग सगळं शांत. अंडी उबवायला १७-१८ दिवस लागतात, तेव्हा मी फिरकलोच नाही. गेल्या वर्षी मी वीसेक फुटांवर बसलो होतो आणि चोचीत सापसुरळी घेऊन पक्षी अर्धा तास नुसता बसून राहिला, आत जाईना, ते अजून मनातून जात नाही. यंदा पऱ्याच्या पलीकडे, चांगला पन्नास फुटांवर, आजोबांचं जुनं इरलं (पावसात अंगावर घ्यायचं पानांचं आच्छादन) डोक्यावर घेऊन बसतो. फक्त दुर्बीण, फ्लॅश अजिबात नाही.

१६ जुलैला पहिला घास दिसला, एक छोटा कोळी. दोन-तीन दिवसांत बिळाच्या तोंडाखाली विष्ठेचा पांढरा ओघळही दिसायला लागला. २२ ला मात्र जो पाऊस कोसळला, पऱ्याचं पाणी बिळाच्या खाली वीतभर आलं, बाजूची दरड ढासळली, रात्रभर झोप नाही. सकाळी सहाला जाऊन बसलो. ६.४० ला चोचीत खेकडा घेऊन पक्षी सरळ आत गेला, अंगावर काटा आला हो!

कालची नोंद, तीन तासांत ११ घास : सापसुरळ्या ५, खेकडे ३, बेडूक २, पाल १. म्हणजे पिल्लं वाढतील तसं भक्ष्यही मोठं होत चाललंय. एक सापसुरळी करंजाच्या मुळावर इतकी आपटली की शेपूट तुटून खाली पडलं आणि तिथंच वळवळत राहिलं, पक्ष्यानं तिकडे बघितलंही नाही, सापसुरळीचं डोकं पुढे येईल अशी चोचीत फिरवून घेतली, पिल्लाला गिळायला सोपं जावं म्हणून, आणि गेला आत.

आणखी एक चांगली गोष्ट, दरडीचे मालक काका जेसीबी लावून ती सपाट करणार होते, त्यांना दुर्बिणीतून पक्षी दाखवला, दिवाळीपर्यंत हात लावत नाही म्हणाले.

पिल्लं साधारण १८-२० दिवसांत बाहेर पडतात, म्हणून २ ऑगस्टपासून रोज पहाटे बसणार आहे. कर्नाळा पक्षी अभयारण्याकडच्या कुणाकडे यंदाच्या तारखा असतील तर नक्की टाका, ताडून बघू.