ग्रँड पियानोचा आकार आणि टोन : ट्यूनिंगआधीची तुलना तुलनाच नव्हे (माझा अनुभव)

छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या संगीतवर्गाच्या हॉलसाठी ग्रँड पियानो घ्यायचा होता. ठराव, मंजुरी, वाहतूक सगळं वेळेत झालं. अडलं ते एकाच ठिकाणी. वेगवेगळ्या आकाराचे पियानो ऐकून कोणता घ्यायचा ते ठरवायचं, एवढी साधी गोष्ट शोरूम होऊ देईना. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. परभणी, लातूर, नांदेडकडून कोणी याच कामाला निघणार असेल तर निदान तयारीनं जाईल.

आधी आकाराचं. ग्रँडची लांबी पट्ट्यांकडच्या कडेपासून शेपटीपर्यंत मोजतात. रुंदी सगळ्यांची जवळपास सारखीच, दीड मीटरच्या आसपास. यामाहाच्या सी मालिकेत 161, 186, 212 आणि 227 सेंटिमीटर असे टप्पे आहेत, मैफलीच्या मोठ्या सीएफएक्सची लांबी 275. स्टाइनवे कंपनीचा बी 211 आणि डी 274 सेंटिमीटरचा. पट्ट्या सगळ्यांत 88च. सर्वांत खालचा सूर 'ए' 27.5 हर्ट्झचा आणि सर्वांत वरचा सूर 'सी' 4186 हर्ट्झचा, मग पियानो पाच फुटी असो की नऊ फुटी. म्हणूनच आमच्या समितीत एकांनी विचारलं, "सूर तर सगळ्यात तेच असायलेत, मग मोठा कामून घ्यायचा?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर तारेच्या लांबीत आहे.

तोच सूर आखूड तारेवर काढायचा तर तार जाड करावी लागते किंवा तिचा ताण कमी ठेवावा लागतो. पोलादी तार अशी आखूड-जाड झाली की ती थोडी सळईसारखी वागायला लागते आणि तिचे उपस्वर (मुख्य सुरासोबत आपोआप वाजणारे वरचे बारीक सूर) जिथे हवेत त्याच्या किंचित वर चढतात. एकाच सुराची, एकाच जाडीची तार 20 टक्के लांब केली तर हा दोष निम्म्यावर येतो, कारण त्याचा संबंध लांबीच्या चौथ्या घाताशी आहे. मोठ्या पियानोची खर्जातली स्वच्छता येते ती इथून. आवाज मोठा येतो हा दुय्यम भाग.

आता शोरूमनं कुठे अडवलं ते.

मोठ्या शहरातल्या त्या शोरूममध्ये 161, 186 आणि 212 असे तीन आकार एका रांगेत होते. असं कमी ठिकाणी मिळतं, म्हणून मुद्दाम तिथे गेलो. पण तिन्ही बेसूर. 161चा बऱ्यापैकी ठीक, कारण तो जास्त खपतो आणि त्याच्याकडे लक्ष असतं. 212चा सगळ्यात वाईट. त्याच्या मधल्या सप्तकात एका सुराच्या तीन तारा आपसात जुळलेल्या नव्हत्या. पट्टी दाबली की सूर थरथरत होता. दोन तारांत एका हर्ट्झचा फरक असला की सेकंदाला एक डोल ऐकू येतो, इथे चार-चार येत होते. अशा पियानोचा टोन 'जाडा' आणि 'भरलेला' वाटतो, आणि नवखा माणूस त्यालाच मोठ्या आकाराचा गुण समजतो. उलट कोणी त्याला 'फुटका' म्हणून नाकारतो. दोन्ही निकाल चूक, कारण कानावर येतो तो तारांचा बेबनाव.

मी म्हटलं, आधी तिन्ही ट्यून करून द्या. उत्तर आलं, "सर, डिलिव्हरीनंतर एक ट्यूनिंग फ्री आहे. तुमचा पीस एकदम परफेक्ट करून देऊ." मला माझा पीस परफेक्ट नको होता. कोणता पीस माझा हेच ठरायचं होतं. त्यावर ऑर्डर फॉर्म पुढे आला. त्यात छापील ओळ : 'वाद्य वाजवून पाहिले, टोन पसंत आहे.' त्याखाली सही. सही झाल्याशिवाय अॅडव्हान्स घेत नाहीत, अॅडव्हान्स जमा झाल्याशिवाय ट्यूनर बोलावत नाहीत, आणि ट्यूनरचा हात फिरल्याशिवाय टोन ऐकताच येत नाही. हे चक्र तिथल्या कोणालाच विचित्र वाटत नव्हतं. प्रत्येक वेळी "वरून विचारून सांगतो". वरचे कोण, ते कधी सांगणार, याला उत्तर नाही. लाखोंची वस्तू घेणाऱ्याकडून न ऐकता पसंतीची सही मागणं मला आजही गैरच वाटतं.

शेवटी फोनवरचं बोलणं बंद करून संस्थेच्या लेटरहेडवर पत्र दिलं. त्यात पाच गोष्टी होत्या, आणि त्या तशाच मागा : तिन्ही पियानो एकाच ट्यूनरनं करायचे, शक्यतो एकाच दिवशी. तिन्ही ए 440 वर, म्हणजे मधला ए 440 हर्ट्झवर. ट्यूनिंगचा खर्च आम्ही देऊ. आदल्या रात्रीपासून आमचं ऐकणं होईपर्यंत एसी सारखाच चालू किंवा सारखाच बंद. फॉर्मवरची ती ओळ खोडून 'ट्यूनिंगनंतर ऐकून पसंत केले' असं हातानं लिहायचं आणि त्यांनी शेजारी सही करायची. खर्च आम्ही देतो म्हटल्यावर मात्र चक्रं फिरली. म्हणजे अडचण तत्त्वाची नव्हती, ट्यूनरच्या पैशांची होती. हे आधीच सरळ सांगितलं असतं तर दोघांचाही वेळ वाचला असता.

एका ग्रँडमध्ये 230च्या आसपास तारा असतात, त्यामुळे एक नीट ट्यूनिंग म्हणजे दोन तासांचं काम. पियानो बराच उतरलेला असेल तर एका फेरीत भागत नाही. सगळ्या तारांचा मिळून ताण 18-20 टनांच्या घरात असतो. एका भागाचा ताण वाढवला की साउंडबोर्ड (तारांखालची आवाज देणारी लाकडी फळी) दबतो आणि आधी लावलेला भाग पुन्हा उतरतो. म्हणून आधी एक जलद, ढोबळ फेरी आणि मग बारीक फेरी. 212ला असंच करावं लागलं. तो पुढच्या काही दिवसांत परत थोडा हलणार हे धरून चाला. ट्यूनिंग झालं की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऐका, आठवड्यानं नको.

ट्यूनर कोण, हेही विचारा. आपल्याकडे हार्मोनियम लावणारे चांगले कारागीर आहेत, पण हार्मोनियमच्या रीडचे उपस्वर पक्के सरळ हिशोबात असतात, पियानोच्या तारांचे नसतात. म्हणून पियानोचं सप्तक थोडं ताणून लावतात. वरचे सूर गणितापेक्षा किंचित चढे, खालचे किंचित उतरे. लहान पियानोत खर्जातला हा ताण जास्त द्यावा लागतो. साध्या ट्यूनर अॅपवर काटा शून्यावर आणून 88 सूर लावले तर पियानो मिटल्यासारखा वाजतो. प्रत्येक वाद्याच्या तारांचं मोजमाप घेऊन हिशोब करणारी अॅप वेगळी असतात, ती चालतात. कानानं लावणारा जाणकार असेल तर उत्तमच.

ट्यूनिंगनंतर ऐकायला बसलात की खर्जाकडे धावू नका. आधी वरची दोन सप्तकं ऐका. सर्वांत वरच्या सीची तार लहान-मोठ्या सगळ्याच पियानोत पाच सेंटिमीटरच्या आसपास असते. एकाच मालिकेतल्या दोन पियानोंत या भागात ठळक फरक जाणवला तर तो आकाराचा नाही, तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या नमद्याचा (दाबलेल्या लोकरीच्या थराचा) आहे. शोरूममध्ये जास्त वाजलेल्या पियानोचा नमदा दबून कडक होतो, तारांच्या खाचा पडतात आणि टोन चरचरीत होतो. न वाजलेल्याचा मऊ राहतो. आमच्याकडे 161 चरचरीत आणि 212 मऊ निघाला. ट्यूनरला 161च्या हातोड्यांना सुया टोचून नमदा थोडा सैल करायला सांगितलं, मगच पुढे गेलो. याला व्हॉइसिंग म्हणतात. जादा सुया टोचल्या की नमदा मरतो, म्हणून थोडं-थोडं करून ऐकत जायचं. वरची सप्तकं सारखी वाजू लागली की मगच खाली जे वेगळं ऐकू येईल ते आकाराचं समजा.

मग झाकण पूर्ण काडीवर उघडून आत बघा. तांबं गुंडाळलेल्या तांबूस तारा संपून नुसत्या पोलादी तारा सुरू होतात तो सांधा शोधा. खर्जाच्या तारा वेगळ्या ब्रिजवर (तारा टेकतात त्या लाकडी पट्टीवर), बाकीच्यांच्या वरून तिरक्या गेलेल्या असतात. स्टाइनवे डीसारख्या मोठ्या पियानोत खालचे 20 सूरच त्या ब्रिजवर असतात, लहान पियानोत जास्त. सांध्याच्या खालून एक सप्तक आणि वर एक सप्तक, एकेक पट्टी, एकाच जोरानं, सावकाश वाजवा. 161मध्ये सांध्यावर आवाजाचा रंग एका सुरात बदलला. खालचा गोल, वरचा कोरडा. 186मध्ये शोधल्यावर सापडला. 212मध्ये मला हळू वाजवताना कळलाच नाही. ही चाचणी जोरात वाजवून करू नका, जोरात सगळंच झाकलं जातं.

खर्जासाठी सर्वांत खालच्या एपासून वर या आणि प्रत्येक सूर गुणगुणून बघा. गळ्याला नेमका सूर कुठे सापडतो ते लक्षात ठेवा. लहान पियानोत खालचे काही सूर धातूच्या ठणक्यासारखे येतात, सूर सापडत नाही. दुसरी कसोटी, खालचा ए आणि त्याच्या वरचा ए एकत्र धरून ठेवा. 161मध्ये डोल जात नाही, कितीही चांगला ट्यूनर असला तरी. एक उपस्वर जुळवला की दुसरा सुटतो. मग खालच्या सप्तकात षड्ज-पंचम धरा. 212मध्ये दोन सूर वेगळे ऐकू येतात, 161मध्ये त्यांचा गाळ होतो.

वाजवणारा एकच ठेवा आणि ऐकणाऱ्यानं पाठ करून, दोन-अडीच मीटरवर, तिन्ही वेळा त्याच अंतरावर उभं राहावं. मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी ऐकून ठरवू असं म्हणणाऱ्यांना थांबवा. मोबाइल आवाजाची पातळी आपोआप सारखी करतो आणि त्याच्या स्पीकरमधून खर्ज येतच नाही.

आम्ही 186 घेतला. 161वरून 186वर जाताना सांध्याचा भाग आणि खालची दोन सप्तकं स्पष्ट सुधारतात. 186वरून 212ला मिळतं ते मुख्यतः सर्वांत खालच्या सप्तकात. आमचा हॉल 30 बाय 20 फुटांचा, वर 11 फुटांवर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. एकमेकींपासून 20 फुटांवरच्या दोन समोरासमोरच्या भिंती 28 हर्ट्झ आणि त्याच्या पटी उचलून धरतात, म्हणजे खालच्या एच्या वरचा ए, 55 हर्ट्झचा, तिथे घुमणारच. सतरंज्या अंथरून हे जात नाही. सतरंजी वरचे सूर शोषते, खर्ज तसाच राहतो, मग पियानो आणखीच घुमा वाटतो. अशा खोलीत 212चा जादा खर्ज गुण न राहता त्रास होतो. मोठं सभागृह असेल तर उलट सल्ला देईन. आणि 151-155चा लहान ग्रँड फक्त दिसायला हवा म्हणून घेणार असाल तर आधी 131 सेंटिमीटर उंचीचा चांगला अपराइट, म्हणजे उभा पियानो ऐका. त्याच्या खर्जाच्या तारा त्या ग्रँडच्या तोडीस तोड लांब असतात.

आपल्या हवेचा एक मुद्दा आकाराशीच जोडलेला आहे. वैशाखात हवा कोरडी ठाक, मृग लागला की दमट. साउंडबोर्डचं लाकूड फुगतं, तारा वर उचलल्या जातात, सूर चढतो. उन्हाळ्यात उलट. हे सगळ्यात जास्त जाणवतं ते सांध्याच्या लगेच वरच्या सुरांत, कारण लहान पियानोत तिथल्या तारांचा ताण कमी असतो. म्हणजे 161चा जो भाग मुळातच कच्चा, तोच आपल्याकडे सर्वांत आधी सुटतो. कूलरचा झोत पियानोवर कधीच नको. खोलीत डिजिटल हायग्रोमीटर ठेवा, 45 ते 55 टक्के आर्द्रता बरी.

त्या फुकट ट्यूनिंगची घाई करू नका. डिलिव्हरीच्याच आठवड्यात ट्यूनर पाठवतो म्हणतील. पियानोला नव्या खोलीत दोन-तीन आठवडे मुरू द्या, झाकण बंद ठेवून, आणि ही तारीखही फॉर्मवर हातानं लिहून घ्या.