भूमितीनंतरचा जामीन

निरीक्षणगृहात, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी होईपर्यंत ठेवतात तिथे, शिकवणाऱ्याने मुलाच्या सुटकेची बातमी ऐकून धास्तावावे, हे चमत्कारिकच. पण त्या मार्चमध्ये माझे तसे झाले. आमच्याकडील एका मुलाची दहावीची परीक्षा सुरू होती, भूमितीचा पेपर संपला होता, विज्ञानाचे दोन्ही भाग आणि सामाजिक शास्त्रे बाकी होती, आणि त्याच दुपारी अशा मुलांची प्रकरणे ऐकणाऱ्या बाल न्याय मंडळाने त्याला जामीन मंजूर केला.

इथवर येण्यासाठीच पुष्कळ धावपळ झाली होती. गावाकडच्या शाळेतून हॉल तिकीट मिळवणे, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण भरायला मुख्याध्यापकांना राजी करणे, विभागीय परीक्षा मंडळाकडून केंद्र बदलून घेणे, आणि सोबतचा पोलीस साध्या वेशातच येईल हे दर पेपरला पाहणे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी परीक्षा केंद्राच्या फाटकात कुजबुज सुरू व्हायला एक खाकी गणवेश पुरतो.

जामीन झाल्यावर मुलाला ठेवून घेण्याचा अधिकार आम्हाला उरत नाही, आणि तो असूही नये. मात्र त्याचे गाव केंद्रापासून एसटीने अर्ध्या दिवसावर. आई म्हणाली, "सर, आता घरी नेते त्याला. परीक्षा काय, पुढच्या वर्षी बी देईल." तिच्या बाजूने ते बरोबरच होते, पण एकदा शाळा सुटलेल्या मुलाचे 'पुढचे वर्ष' गॅरेजमध्ये किंवा वीटभट्टीवर जाताना मी पाहिले आहे.

आदेश टंकलिखित होण्याआधी परिविक्षा अधिकाऱ्यांनी, म्हणजे मुलावर देखरेख ठेवून मंडळाला अहवाल देणाऱ्या अधिकाऱ्यांनी, ही अडचण बाल न्याय मंडळापुढे मांडली. मंडळाच्या महिला सदस्यांनी आईला विचारले, "शहरात नात्यातले कोणी राहते का?" रिक्षा चालवणारे मामा निघाले. परीक्षा संपेपर्यंत मुलाने मामांकडे राहावे, उरलेले पेपर द्यावेत आणि परिविक्षा अधिकाऱ्यांनी त्याचा अहवाल द्यावा, एवढे आदेशात लिहिले गेले.

संध्याकाळी निघताना त्याला विज्ञानाची पुस्तके हवी होती, पण त्यांच्या पहिल्या पानावर संस्थेचा शिक्का होता. त्यावर कोरा कागद चिकटवून ती मी त्याला दिली. साठा नोंदवहीत काय लिहायचे, हे नंतर पाहिले.

तो उरलेल्या सर्व पेपरांना बसला. तेव्हापासून जामिनाच्या तारखेआधी, मुलाच्या वैयक्तिक काळजी योजनेला (प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र आखलेल्या देखभालीच्या आराखड्याला) मी परीक्षेचे वेळापत्रक आणि केंद्राचा पत्ता जोडून देतो.