पर्थला निघालो, पण तिकीट क्वालालंपूरपासून काढलं

विमानात बसायचं तर आधी गाव सोडायचं, ही सोलापूरकराची जुनीच सवय. पुणं अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे, आणि मुंबई म्हटलं की सिद्धेश्वर एक्स्प्रेसची एक रात्र. २०२५ च्या जूनमध्ये आमच्या होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं तेव्हा अख्ख्या गल्लीला आनंद झाला होता. मात्र परदेशी जायचं तर अजूनही दुसऱ्या गावाची वाट धरावी लागते. म्हणून भाच्याने जेव्हा सुचवलं, "मावशी, प्रवास दुसऱ्या देशातून सुरू कर, पैसे वाचतील," तेव्हा मला ते फार वेगळं वाटलं नाही. हैदराबादपर्यंत जायचंच आहे, तर अजून एक टप्पा.

आमची लेक ऑस्ट्रेलियात, पर्थला असते. एप्रिलमध्ये तिला मुलगा झाला. नातवाला बघायला ऑगस्टमध्ये जायचं ठरलं आणि मी तिकिटं बघायला बसले. हैदराबाद ते पर्थ, जाऊन-येऊन, एकाच तिकिटावर, माणशी चौऱ्याऐंशी हजार. दोघांचे एक लाख अडुसष्ट हजार. यांची टॉवेलच्या कारखान्यातली नोकरी संपून तीन वर्षं झाली, मी पतसंस्थेतून निवृत्त झाले. हा आकडा वहीत लिहिला आणि दोन दिवस वही बंद ठेवली.

भाचा लेस्टरला असतो. तिकडे ही युक्ती जुनी आहे. ब्रिटनमधून विमानाने निघणाऱ्या बहुतेक प्रवाशांवर सरकार कर घेतं, एअर पॅसेंजर ड्यूटी. १९९४ पासून चालू आहे. भारतात यायचं तर २०२५-२६ मध्ये तो साध्या वर्गाला ९० पौंड आणि वरच्या वर्गाला तब्बल २१६ पौंड होता. पण प्रवास ब्रिटनमध्ये सुरू झाला असेल तरच. आयर्लंडमधल्या डब्लिनहून निघून लंडनला नुसतं विमान बदललं तर हा मोठा कर लागत नाही. म्हणून तो आधी वेगळ्या तिकिटावर डब्लिनला जातो, त्या छोट्या उड्डाणाचा छोटा कर (२०२५-२६ मध्ये १३ पौंड) भरतो, आणि मुंबईचं तिकीट डब्लिनपासून काढतो. त्याच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे म्हणून हे जमतं. भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनमध्ये राहत असूनही आयर्लंडचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. येताना मात्र डब्लिनपर्यंत यावंच लागतं. लंडनला उतरून घरी जावं असं वाटतं, पण सामान पुढे डब्लिनला गेलेलं असतं.

आपल्याकडे कारण कराचं नाही, बाजाराचं आहे. विमान कंपनी भाडं किलोमीटरवर लावत नाही. कुठून कुठे जाणारे किती लोक आहेत आणि त्यांच्यासमोर किती कंपन्या उभ्या आहेत, यावर लावते. हैदराबादहून पर्थला थेट विमान नाही, त्यामुळे पर्याय मोजके. क्वालालंपूर-पर्थ मार्गावर मात्र स्वस्त कंपन्यांची चढाओढ आहे आणि अंतर साडेपाच तासांचं. आमच्या साखर पेठेतल्या चादरवाल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. समोरासमोर दहा दुकानं असली की भाव कसा पडतो, ते रोज बघतात.

मग दोन तिकिटं वेगवेगळी बघितली. हैदराबाद-क्वालालंपूर जाऊन-येऊन माणशी साडेएकवीस हजार. क्वालालंपूर-पर्थ जाऊन-येऊन, सामानासकट, माणशी १२४० मलेशियन रिंगिट, म्हणजे साधारण पंचवीस हजार चारशे. दोन्ही मिळून माणशी सेहेचाळीस हजार नऊशे. मी तीनदा बेरीज केली. यांनीही एकदा केली.

पण तिकिटं दोन म्हणजे जबाबदारी आपली, हे भाच्याने बजावून सांगितलं होतं. एकाच तिकिटावर पहिलं विमान उशिरा आलं आणि पुढचं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची. दोन वेगळ्या तिकिटांवर दुसऱ्या कंपनीला तुमच्या उशिराशी काही देणंघेणं नसतं. तुम्ही आला नाहीत, एवढंच ती नोंदवते, आणि बहुतेक वेळा त्या तिकिटाचा परतीचा टप्पाही त्याबरोबर जातो. तिकिटातले टप्पे क्रमानेच वापरायचे असतात. पहिला सोडून दुसऱ्यापासून बसू, असं चालत नाही. म्हणून मध्ये पूर्ण एक रात्र ठेवायची, असं मी ठरवलं. हे म्हणाले, "अगं, पाच तास पुष्कळ झाले. हॉटेलचे पैसे कशाला?" मी ऐकलं नाही.

खरी कसरत सामानाची झाली. स्वस्त कंपनीत वीस किलो म्हणजे वीसच. लेकीला सोलापुरी चादर हवी होती. मोठ्या पलंगाची, दोन किलोच्या घरात जाणारी. त्यात शेंगाचटणीची पाकिटं, बाजरीच्या कडक भाकरी, बाळासाठी शिवलेली दुपटी. दारामागच्या खुंटीला ताणकाटा अडकवला आणि बॅग टांगली. साडेबावीस. यांची एक पँट काढली, माझी जाड साडी काढली, भाकरीचा एक गठ्ठा काढला. एकवीस. चादर बॅगेतून काढून यांच्या हातातल्या पिशवीत घातली, तेव्हा काटा एकोणीसवर आला. पण हातातल्या सामानालाही सात किलोची मर्यादा, म्हणून ती पिशवीही काट्याला लावली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. शेजारच्या अक्का घरातला उजेड बघून आल्या आणि भाकरीचा तो गठ्ठा घेऊन गेल्या.

नळदुर्ग, उमरगा, जहिराबाद करत गाडीने शमशाबादला, हैदराबादच्या विमानतळावर पोचलो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "मलेशियातून परत कधी?" मी सगळे कागद छापून नेले होते: पर्थचं तिकीट, ऑस्ट्रेलियाचा व्हिसा, हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट. तिने एकेक बघून मान हलवली. इमिग्रेशनलाही तेच दाखवलं. भारतीयांना मलेशियाला २०२५ मध्ये तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नव्हता, त्यामुळे ही वाट आम्हाला सोपी. फक्त पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत त्यांचं डिजिटल आगमनपत्र भरायचं. दोन तिकिटं असली की सामान मधल्या गावात उतरवून घ्यावं लागतं आणि त्यासाठी त्या देशात शिरावं लागतं. जिथे व्हिसाची कटकट आहे तिथून हा हिशोब बसत नाही.

आणि विमान उशिरा सुटलं. रात्री एकचं पहाटे पाचला. कंपनीने पाण्याची एक बाटली दिली आणि कारण सांगितलं नाही. आजूबाजूला लोक चिडले होते, एका कुटुंबाचं पुढचं विमान त्याच सकाळचं होतं, तिकीट वेगळं होतं. त्या बाई फोनवर रडत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना. आमचं पुढचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. हे काही बोलले नाहीत, माझ्या हातातली पिशवी मात्र त्यांनी घेतली.

क्वालालंपूरला उतरलो तेव्हा दुपार होत आली होती. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, आणि पर्थचंही तेवढंच, त्यामुळे पुढे परत काटे फिरवावे लागत नाहीत. सेंट्रल स्टेशनजवळ ब्रिकफील्ड्समध्ये खोली घेतली होती. खाली तमिळ खानावळ, इडली-सांबार, फुलांच्या माळा विकणाऱ्या बायका. बटू केव्ह्ज या गुहेतल्या मंदिराला गेलो, मुरुगनची, म्हणजे कार्तिकेयाची, ती सोनेरी मूर्ती खालूनच बघितली. २७२ पायऱ्या माझ्या गुडघ्यांना नको होत्या, हे वर जाऊन आले.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. क्वालालंपूरच्या विमानतळाची दोन टर्मिनल लांब लांब आहेत. आम्ही एकवर उतरलो, पर्थचं विमान दोनवरून होतं. मध्ये रेल्वे आहे, तीनच मिनिटांची, पण गाडीची वाट, लिफ्ट, चालणं धरलं तर अर्धा तास सहज जातो. तिकिटावरचा टर्मिनलचा आकडा आधी वाचून घ्या.

पर्थला उतरताना कार्डावर 'खाण्याच्या वस्तू आहेत' यावर खूण केली. लपवायचं नाही, हे लेकीने दहा वेळा सांगितलं होतं. अधिकारी बाईंनी चटणीचं पाकीट उलटंसुलटं केलं, लेबल वाचलं, शेंगा भाजलेल्या आहेत का विचारलं. हो म्हटलं. पाकिटं परत बॅगेत. बाहेर लेक उभी होती, आणि तिच्या छातीशी बांधलेलं ते गाठोडं. पर्थला ऑगस्टमध्ये चांगली थंडी असते. पिशवीतली चादर मी तिथेच, पार्किंगमध्ये, दोघांच्या अंगावर टाकली.

परत आल्यावर वही उघडली. तिकिटं त्र्याण्णव हजार आठशे. दोन रात्रींची खोली सहा हजार चारशे. मधल्या गावातलं खाणं-पिणं, बस पाच हजार. रिंगिटमध्ये पैसे भरले म्हणून कार्डाने साडेतीन टक्के जादा घेतले, ते पावणेदोन हजार. सगळं वजा जाता एकसष्ट हजार वाचले. त्या बदल्यात जाता-येता मिळून दोन दिवस गेले. ज्यांना आठच दिवसांची रजा आहे त्यांनी हे करू नये असं मला मनापासून वाटतं. आमच्यासारख्या, वेळ हाताशी असलेल्या माणसांनी जरूर करावं. एकसष्ट हजारांत आमचं पुढच्या वर्षीचं जाणं निम्म्याहून जास्त निघतं.

परवा अक्का आल्या होत्या. त्यांचा मुलगा मेलबर्नला आहे, पाच वर्षं झाली, तिकिटाच्या आकड्यामुळे जाणं राहून गेलंय. भाकरीचा रिकामा डबा परत करायला आल्या आणि बसल्या. मी वही काढली, नवीन पान उघडलं, वर 'मेलबर्न' लिहिलं आणि विचारलं, "अक्का, पासपोर्ट कधी संपतोय?"