बारोलोच्या टेकड्यांत: पैसे कुठे द्यावेत आणि कुठे देऊ नयेत

इटलीच्या पिएमोन्ते प्रांतातील लांगे टेकड्यांत बारोलो ही महागडी लाल वाईन पिण्यासाठी जाणाऱ्यांनी आधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. “बारोलो चाखण्याचा कार्यक्रम” या नावाने पैसे घेतले गेले, म्हणजे पेल्यात बारोलोच पडेल असे मुळीच नाही. आल्बा शहरातील एका दुकानाने तीन प्रकारच्या बारोलो देण्याचे कबूल करून आमच्याकडून माणशी ३५ युरो आगाऊ घेतले. प्रत्यक्षात पहिल्या पेल्यात दोल्चेत्तो आली, दुसऱ्यात लांगे नेब्बिओलो (दोन्ही वेगळ्या, स्वस्त वाईन), आणि तिसऱ्यात जेमतेम दोन घोट भरतील इतकी, नुकतीच विक्रीला आलेली बारोलो. जाब विचारला, तेव्हा “तिन्ही याच टेकड्यांच्या आहेत” असे शांतपणे सांगण्यात आले.

ते उत्तर खरे असले तरी त्याच्या आड केलेला व्यवहार खोटा आहे. बारोलो ही निव्वळ नेब्बिओलो द्राक्षाची, ठरवून दिलेल्या ११ गावांच्या हद्दीतच पिकलेली, किमान ३८ महिने मुरवलेली आणि त्यांपैकी १८ महिने लाकडी पिंपात ठेवलेली वाईन असते, आणि तिची किंमत या बंधनांमुळेच चढते. लांगे नेब्बिओलोत ८५ टक्के नेब्बिओलो असले तरी चालते आणि मुरवण्याची अशी सक्ती नसते, त्यामुळे ती बरीच स्वस्त पडते. दोल्चेत्तो तर वेगळ्याच द्राक्षाची, रोजच्या जेवणासोबत घ्यायची वाईन. या दोन्ही मला आवडतात, पण बारोलोच्या दराने मुळीच नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी प्रत्येक पेल्यासाठी गाव, द्राक्षमळा आणि पिकाचे वर्ष लेखी मागावे, आणि वाईन ओतली जाण्याआधी बाटलीचे लेबल स्वतः वाचावे. हे सांगायला जो टाळाटाळ करील, त्याच्याकडून तत्काळ निघावे. बारोलो याच नावाच्या गावातील किल्ल्यात प्रादेशिक एनोतेका, म्हणजे स्थानिक वाईन चाखण्याचे व विकत घेण्याचे केंद्र, आहे. तेथे पेल्यागणिक पैसे देऊन वेगवेगळ्या गावांच्या बारोलो शेजारी शेजारी ठेवून चाखता येतात. गावात याखेरीज फार वेळ घालवू नये.

बारोलोहून ला मोर्रा गावापर्यंतची पायवाट “हलकी फेरी” म्हणून सुचवली जाते. बारोलो सुमारे ३०० मीटर उंचीवर आणि ला मोर्रा ५०० मीटरच्या वर आहे, हे ध्यानात घेतले तर हा चढ काही मोठा नाही. खरा त्रास मातीचा आहे. येथील चुनखडीयुक्त चिकणमाती पावसानंतर बुटाच्या तळव्याला थरावर थर चिकटते आणि ब्रुनातेच्या मळ्यांतील उतारावर पाय ठरत नाही. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर डांबरी रस्त्यानेच जावे. पेल्यात मात्र हीच माती मोलाची ठरते. ला मोर्रा आणि बारोलोकडील मऊ मातीतून सुगंधी, लवकर खुलणारी वाईन येते, तर पलीकडच्या सेर्रालुंगा द’आल्बातील जुन्या, अधिक टणक थरांतून तुरट, कडक आणि वर्षानुवर्षे टिकणारी. एकच गाव पाहण्याइतका वेळ असेल, तर माझ्या मते सेर्रालुंगाच गाठावे; तेथे दहा वर्षांहून जुनी बारोलो प्यायलो आणि सगळा शीण व सगळा संताप विसरलो.

तुरीन ते आल्बा रेल्वेने जाता येते. पुढे बारोलोला रेल्वे नाही आणि बसवर भिस्त ठेवणे, विशेषतः रविवारी, शहाणपणाचे नाही. टॅक्सीचे भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. गाडी भाड्याने घेतली, तर चालकाने वाईन पिऊ नये. रक्तातील मद्यार्काची कायदेशीर मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे आणि वळणे अंधारी आहेत. ऑक्टोबर ते डिसेंबर हा आल्बातील पांढऱ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी, महाग बुरशीचा, हंगाम असतो. ट्रफल किसून वाढण्यापूर्वी आणि वाढून झाल्यावर समोर वजन करून घ्यावे, कारण त्याचे पैसे ग्रॅमवर लागतात.

खिसा सांभाळायचा असेल तर बार्बारेस्को गावाला जावे आणि त्याच नावाची वाईन प्यावी. तीही निव्वळ नेब्बिओलोचीच, पण २६ महिन्यांत विक्रीला येणारी. तेथे १९५८ पासून चालत आलेली उत्पादकांची सहकारी संस्था केवळ नेब्बिओलोच्याच वाईन करते, आणि दर्जाच्या मानाने तिच्या किमती मला संपूर्ण प्रवासात सर्वांत रास्त वाटल्या.

भारतात परतताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोनच बाटल्या. एक सेर्रालुंगाची, शक्यतो २०१६ च्या पिकाची, घ्यावी आणि थंड, अंधाऱ्या जागी आडवी ठेवून द्यावी. दुसरी ला मोर्राची घ्यावी, आणि ती उघडल्यावर निदान दोन तास पसरट भांड्यात ओतून ठेवल्याशिवाय पिऊ नये.