टिनची होडी, नोंद ३: नाळेपाशी अडलेला पत्रा

तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून मी एक छोटी होडी बनवतोय. मागच्या नोंदीत शब्द दिला होता की पुढच्या वेळी कापलेला पत्रा दाखवीन. कापलाय, पण अर्धाच. मधले तीन आठवडे आधी पुठ्ठ्यात जुळवून पाहण्यात गेले.

होडी तीच. लांबी ६२० मिमी, रुंदी १८०, तळ व्ही आकाराचा, कुशीला एकच ठळक चाइन, म्हणजे तळ आणि कूस (होडीची बाजू) जिथे मिळतात ती कड. त्यामुळे एका बाजूला दोनच तुकडे: तळाचा आणि कुशीचा. पत्रा तेलाच्या १५ किलोच्या डब्याचा, मायक्रोमीटरवर ०.२८ मिमी. इतक्या पातळ पत्र्याला वाकवताना जाडीचा हिशेब धरावा लागत नाही. पुठ्ठ्यात जे जुळेल ते पत्र्यातही जुळणार.

मॉडेल राइनो या त्रिमितीय आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये केलंय. वळलेला तुकडा न ताणता सपाट उलगडणारी साधी अनरोल ही आज्ञा कुशीच्या तुकड्याला नाही म्हणाली, म्हणून मी स्मॅश वापरलं, जे काहीही अंदाजे सपाट करून देतं. त्याने मुकाट्याने फर्मा, म्हणजे कापायचा सपाट नमुना, काढून दिला. माझं चुकलं ते इथेच. अनरोल नाही म्हणतं तेव्हा ते काहीतरी सांगत असतं.

पुठ्ठा मागच्या फळीपासून पाऊण लांबीपर्यंत सुरेख बसला. पुढच्या १२० मिमीत कूस आणि तळ यांच्यात फट, नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, चक्क ४ मिमी. आधी प्रिंटरवर संशय घेतला. १०० मिमीचा चौकोन छापून मोजला तर ९७ भरला. 'फिट टू पेज' चालू राहिलं होतं. ते बंद करून सगळं पुन्हा छापलं, कापलं. फट तिथेच.

मग जे पहिल्या दिवशी करायचं ते केलं: चाइनची लांबी मोजली. ही रेघ दोन्ही तुकड्यांची सामाईक कड, तेव्हा दोन्ही फर्म्यांवर ती सारखीच भरायला हवी. मॉडेलमध्ये ६४१, तळाच्या फर्म्यावर ६४१, कुशीच्या फर्म्यावर ६३७. चोर सापडला. फर्मा छापण्याआधी ही मोजणी कराच, दोन मिनिटांचं काम आहे.

कारण सरळ आहे. कोकणातल्या होड्यांची नाळ आवडते म्हणून मी कुशीला पुढे छान फुगीर पसरट वळण दिलं होतं, आणि ते दोन दिशांना वळतं. गणिती गाऊसने १८२७ मध्येच सिद्ध करून ठेवलंय की असा पृष्ठभाग ताणल्या-दाबल्याशिवाय सपाट होत नाही. पानाचा द्रोण लावणाऱ्यांना हे गाऊसशिवायही ठाऊक असतं: सपाट पानाला खोलगटपणा हवा तर चुणी घालून काडी टोचावी लागते. मोठ्या गोद्यांत अशा प्लेटा टॉर्चने रेघेरेघेने तापवून, पाण्याने थंड करून वळवतात. डब्याच्या पत्र्याला मी वाळूच्या पिशवीवर ठोकून पाहिलं. सुरकुत्या पडल्या, दुसरं काही झालं नाही.

म्हणून फर्मा नाही, होडीच बदलली. चाइन आणि वरचा काठ या दोन रेघा ठेवल्या आणि मधला पृष्ठभाग राइनोच्याच डेवलॉफ्ट या आज्ञेने नव्याने घेतला, जी दोन रेघांमध्ये सपाट उलगडेल असाच पृष्ठभाग बनवते. हा पृष्ठभाग सरळ रेघांचा बनतो आणि प्रत्येक रेघेच्या दोन्ही टोकांना पत्रा एकाच प्रतलात टेकतो. मध्यभागी या रेघा जवळजवळ समांतर, नाळेकडे पंख्यासारख्या पसरतात. वळणाची ऐट थोडी गेली, ते मला अजूनही खुपतंय. पण आता अनरोल निमूट झालं, चाइनमधला फरक ०.३ मिमीवर आला आणि पुठ्ठा बसला.

पत्र्यावर त्या सरळ रेघा पेन्सिलने उतरवून घेतल्या. सुईने ओढू नका, कल्हईचा थर ओरखडला की तिथेच गंज धरतो. मग प्रत्येक रेघेखाली २५ मिमीचा पाइप धरून पत्रा हाताने हळूहळू दाबत गेलो. मध्यभागी पाइप सरळ सरकतो, पुढे त्याला रेघांबरोबर फिरवावं लागतं. पाइप आडवातिडवा धरला की पत्रा लगेच किंक खातो, म्हणजे तिथे कायमची घडी पडते.

एक कूस इतकी झकास वळली की त्याच उत्साहात दुसरीही वळवली. तीही पेन्सिलची बाजू वर ठेवूनच. आता माझ्याकडे दोन डाव्या कुशी आहेत. एक उलटी वळवायचा प्रयत्न केला, तो पत्रा आता फक्त डाग द्यायच्या (सोल्डरिंगच्या) सरावाला उपयोगी.

कोपऱ्यावरच्या वडेवाल्याला सांगून ठेवलंय, त्याचा पुढचा डबा रविवारी रिकामा होईल. तोवर आतली सोनेरी लाख ५ मिमीच्या जोडपट्ट्यांपुरती खरवडून ठेवतो.