२४ मीटर, ९६०० ची लाईन आणि माझा चुकलेला हिशेब

उद्यमबागेत पॅनेल बांधायचा आमचा छोटा धंदा आहे. वायरिंग करायची, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) बसवायचा, व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह) फिरवून दाखवायचे आणि बिल काढायचं. नेटवर्कचा हिशेब कधी कुणी मागितला नव्हता. केबल जोडली, पिंग (पलीकडून ‘आहे’ असं उत्तर) आलं, विषय संपला.

गेल्या ऑफ सीझनला चिकोडीकडच्या एका साखर कारखान्याचं काम मिळालं. १४ व्हीएफडी, कोजनचे (कारखान्यातल्या वीजनिर्मितीचे) २४ एनर्जी मीटर, सहा पीएलसी, आणि हे सगळं सिमच्या राउटरवरून बेळगावच्या ऑफिसात दिसायला पाहिजे. टेंडरच्या कागदांत पार मागं एक ओळ होती: ‘नेटवर्क लोड कॅल्क्युलेशन जोडावे.’ मी जोडलं. ‘केबल १०० एमबीपीएसची, लोड नगण्य’, एवढंच. (एक एमबीपीएस म्हणजे सेकंदाला दहा लाख बिट.) कन्सल्टंटनं ‘नगण्य’भोवती लाल गोल काढून कागद परत पाठवला. कारखान्याचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर कानडी, पण मराठी आपल्यासारखंच बोलतो. रोज संध्याकाळी त्याचा फोन, “एष्ट आत री?” म्हणजे किती झालं हो? आठवडाभर माझ्याकडं आकडा नव्हता.

मग बसलो वही घेऊन. सुरुवात व्हीएफडीपासून केली, कारण तिथलं गणित सोपं वाटलं. एका ड्राइव्हला स्पीड, करंट, स्टेटस असं धरून १६ बाइट पुरतात. पण इथरनेट/आयपीवर (ड्राइव्हशी बोलायची नेटवर्कची पद्धत) ते १६ बाइट मोकळे जात नाहीत. इथरनेटचं हेडर, म्हणजे वेष्टणावरचा पत्ता, १४, आयपीचं २०, यूडीपीचं ८, प्रोटोकॉलचं स्वतःचं साधारण २४, शेवटी तपासणीचे ४, आणि दोन फ्रेममधली मोकळी जागा धरून आणखी २०. बेरीज १०६. म्हणजे ट्रॉलीत ऊस १६ आणि पाचट ९०. बाइटला ८ ने गुणून बिट करायचे हे मी पहिल्या पानावर विसरलो होतो, ते पान फाडून टाकलं.

पॅकेट किती वेळानं पाठवायचं तो आकडा म्हणजे आरपीआय. स्पेसिफिकेशनमध्ये सरसकट २ मिलिसेकंद लिहिलं होतं. का, तर ‘फास्ट पाहिजे’. २ मिलिसेकंद म्हणजे सेकंदाला ५०० पॅकेट जाताना आणि ५०० येताना. १४ ड्राइव्हचे १४,००० झाले. त्याला १०६ आणि ८ ने गुणलं तर जवळपास १२ एमबीपीएस. केबल तर ८८ टक्के रिकामी! खूश होऊन वही मिटणार होतो, तेवढ्यात कंट्रोलरचं मॅन्युअल चाळताना एक ओळ दिसली. आम्ही घेतलेल्या मॉडेलचं इथरनेट कार्ड सेकंदाला ५,००० पॅकेटच पेलतं. रस्ता मोकळा, पण वजनकाट्यावर ट्रॉल्यांची रांग गावापर्यंत, असा प्रकार. ज्या ड्राइव्हचा रॅम्पच (वेग चढायचा वेळ) १५ सेकंदांचा आहे त्याला २ मिलिसेकंद कशाला लागतात? २० केले. १,४०० पॅकेट, १.२ एमबीपीएस. एमबीपीएसच्या शेजारी पॅकेटचा रकाना ओढायची सवय मला तेव्हापासून लागली.

खरी फजिती झाली ती मीटरांनी.

२४ मीटर एका आरएस-४८५ च्या (सगळे मीटर एकाच केबलवर जोडायच्या) लाईनीवर, बोलायची पद्धत मॉडबस आरटीयू, वेग ९६०० बॉड, म्हणजे इथं सेकंदाला ९,६०० बिट. मॉडबस १९७९ सालचा, माझ्यापेक्षा वयानं मोठा, म्हटलं यात काय अवघड असणार. प्रत्येक मीटरचे २० रजिस्टर (आकडे ठेवायचे खण) वाचायचे. एक रजिस्टर १६ बिटांचा, म्हणजे २० गुणिले १६ गुणिले २४ बरोबर ७,६८०. लाईन ९,६०० बिटांची. सेकंदाच्या आत सगळे मीटर वाचून होतात आणि वर थोडी जागा उरते. कागदावर छातीठोक लिहिलं: ‘दर सेकंदाला अपडेट.’

ट्रायलच्या दिवशी स्क्रीनवरचे आकडे साडेपाच सेकंदांनी हलायचे. कारखान्यातले जुने वायरमन, सगळे त्यांना मामा म्हणतात, ते पॅनेलच्या दारात उकिडवे बसून तंबाखू मळत होते. मी केबलची टोकं सोडतोय, पुन्हा आवळतोय, टर्मिनेशनचा रेझिस्टर काढून बघतोय. शेवटी मामा म्हणाले, “काय करूलास रं? वायर बरोबर हाय. त्यो नऊ नंबरचा मीटर बंद हाय न्हवं, पंप वर्कशॉपला गेलाय.”

नऊ नंबर बंद होता आणि मास्टर (मीटरांना एकेक करून विचारणारा) त्याची वाट बघत बसत होता. टाइमआउट १ सेकंद, तीनदा प्रयत्न, म्हणजे प्रत्येक फेरीत ३ सेकंद एका मेलेल्या मीटरपायी. तो यादीतून काढला तरी फेरी अडीच सेकंदांच्या खाली येईना. ते अडीच कुठून आले, हे मी त्या रात्री निपाणीच्या लॉजवर उलगडलं.

आठ बिटांचा एक बाइट लाईनीवरून जाताना ११ बिटांचा होतो: एक स्टार्ट, एक पॅरिटी, एक स्टॉप. मास्टरचा प्रश्न ८ बाइटांचा. मीटरचं उत्तर ४५ बाइटांचं. ४० डेटाचे, बाकी पत्ता, फंक्शन, मोजणी आणि सीआरसी (चूक तपासायचे बाइट). एकूण ५३ बाइट, ५८३ बिट, ६१ मिलिसेकंद. दोन फ्रेमच्या मध्ये साडेतीन अक्षरांची शांतता पाळावी लागते, दोन्ही वेळच्या मिळून ८. आणि जे कुठल्याच बेरजेत मी धरलं नव्हतं ते म्हणजे मीटरचा विचार करायचा वेळ. लॅपटॉप लावून मोजला, ४० मिलिसेकंदांच्या आसपास. झाले १०९. चालू २३ मीटरांचे अडीच सेकंद, सगळ्या २४ चे २.६.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या साहेबांनी सोपा उपाय सांगितला, बॉड रेट दुप्पट करा. तेही करून बघितलं. १९,२०० वर ६१ चे ३० झाले, ८ चे ४ झाले, पण मीटरचे ४० होते तेवढेच राहिले. फेरी १.८ सेकंद. वेग दुप्पट आणि वेळ मात्र निम्म्याला नाही, हे साहेबांच्या गळी उतरवायला दोन चहा लागले.

शेवटी ९६०० वरच राहिलो. १२-१२ च्या दोन लाईनी केल्या, टाइमआउट २०० मिलिसेकंद, पुन्हा प्रयत्न एकदाच. फेरी १.३ सेकंद, एखादा मीटर झोपला तरी पावणेदोनच्या आत. आणि मग सहज विचारलं, दर सेकंदाला वाचून करायचं काय? वीज ग्रीडला विकायचा हिशेब १५ मिनिटांच्या ब्लॉकवर चालतो. दर सेकंदाचं काय करायचं, कुणालाच माहीत नव्हतं. टेंडरातली दर सेकंदाची ओळ कुठल्या तरी जुन्या टेंडरातून चिकटवलेली होती. ५ सेकंदांवर सगळे राजी झाले.

सिमचं काम त्यामानानं लवकर उरकलं. सहा पीएलसीचे ६०-६० रजिस्टर दर सेकंदाला, व्हीपीएनचं (सुरक्षित जोडणीचं) वेष्टण धरून एका वाचनाला ४४० बाइट. महिन्याला जवळपास ७ जीबी. पॅक १ जीबीचा. दर १० सेकंदांनी वाचायचं ठरवलं, ०.७ मध्ये बसलं. ऑफिसात बसलेल्या माणसाला तेवढा वेळ जांभई द्यायलाही लागतो.

नवा कागद चार पानांचा झाला. देण्याआधी स्विचच्या मिरर पोर्टवर (जाणाऱ्या-येणाऱ्या पॅकेटची नक्कल देणाऱ्या) वायरशार्क (पॅकेट बघायचं सॉफ्टवेअर) लावून ताडून बघितलं. माझं १.२, तिथं १.३, एचएमआयचं (ऑपरेटरच्या स्क्रीनचं) बोलणं मी विसरलो होतो, ते घातलं. यावेळी कन्सल्टंटनं लाल पेन काढलं नाही. फक्त मेलवर एकच प्रश्न आला: “याच स्विचवर सीसीटीव्ही आहे का?”

फोन लावला. होतं. दुसऱ्या ठेकेदारानं १६ कॅमेरे परस्पर आमच्याच स्विचला जोडले होते. एकेक ४ एमबीपीएसचा, म्हणजे ६४. ज्याच्यासाठी मी महिनाभर एकेक बाइट मोजला ते सगळं मिळून एका कॅमेऱ्याएवढंही भरत नव्हतं.

कॅमेऱ्यांना वेगळा स्विच बसला, मोळी टाकायच्या चार दिवस आधी. त्याचे पैसे कुणी द्यायचे यावर अजून पत्रं चालू आहेत. इंजिनिअरचा फोन मात्र अजून येतो, “एष्ट आत री?” आता तो बिलाबद्दल विचारतो.