माटवीचं कवंडाळ विकत

यंदा चवथीच्या आदल्या दिवशी कुडाळच्या बाजारात मी गणपतीच्या माटवीला बांधायला तीन कवंडाळं, म्हणजे रानात फुकट मिळणारी फळं, साठ रुपयांना विकत घेतली आणि घरी येईपर्यंत माझी मलाच लाज वाटत होती.

कारण घरात प्लास्टिकच्या नावाने शंख करणारी मीच. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा आमचं मखर माळ्यावर गेलं आणि मी खूश झाले. जरा लवकरच झाले. पुढच्या वर्षी धाकटे भावोजी डोंबिवलीहून घडीचा सांगाडा, जांभळा पडदा, खोटं गवत आणि लाइटची माळ घेऊन आले. आता वाडीतल्या सगळ्या घरांत तेच. सात घरच्या आरत्या करून आलं की कुठल्या घरात काय होतं ते आठवत नाही.

पडद्यावर मी हरले. माटवीवर मात्र अडून बसले. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची, तिला आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचं शिपटं, तवसं म्हणजे काकडी, चिबूड, आणि कांगणी, हरणं, कवंडाळ असलं रानातलं काय काय बांधायचं, तेही केवणीच्या सोपाने, म्हणजे रानझुडपाच्या सालीने. भावोजींनी प्लास्टिकच्या फळांचं तोरण आणलं होतं. "वयनी, ह्या लाव. धा वर्सां काय होवचा नाय." मला नेमका त्याचाच राग आला. दहा वर्षं काही न होणारं फळ कसलं!

पण खरं सांगायचं तर हा हट्ट माझा आणि राबणूक दुसऱ्यांची. मामंजी होते तोवर ते दोन दिवस आधी कोयता घेऊन रानात जायचे. ते गेल्यावर मी झेरॉक्सच्या दुकानात रात्री आठपर्यंत, आणि रानात माझा मुलगा. गेल्या वर्षी तो पायाला काटे आणि मानेवर गांधीलमाशीचा चावा घेऊन आला. म्हणाला, "आई, तुझी तत्त्वं, माझी मान." यंदा त्याला पाठवायचं तोंड नव्हतं.

म्हणून बाजार. रस्त्याच्या कडेला गोणपाटावर एका म्हातारीने सगळं मांडलेलं. कवंडाळ लालभडक, हातात घेतलं की गुळगुळीत, खायला कडूजहर. मी उगाच शहाणपणा केला, म्हटलं, हे आमच्या पाणंदीत फुकट मिळायचं.

"वेल म्हायत आसा, मगे इकत कित्याक घेतंस गो?"

"टायम नाय, आजी."

"माका खय आसा? पाटे चारांक उठलंय."

गप्प पैसे दिले. सगळा मिळून हिशेब त्या तोरणापेक्षा जास्त झाला, तेही पाच दिवसांसाठी. त्यामुळे कमी खर्चात साधं राहणं वगैरे मला कोणी सांगू नये. माझा फोनही हप्त्यावरचाच आहे.

तरी पुढच्या वर्षीही माटवीच बांधणार. भावोजींची लेक पाच दिवस तिच्याखाली उताणी पडून नावं पाठ करत होती. कांगणीला अजून मटार म्हणते. विसर्जनानंतर तवसं-चिबूड प्रसादाला कापलं, आणि तिने एक कवंडाळ फोडून बघितलं. आत हिरवट काळा गर. "ई!" म्हणून हात परकराला पुसले.

बिया मी गडग्याच्या कडेला टाकल्यात. माकडांनी ठेवल्या तर बघू.